आई, कोवळ्या उन्हाविषयी

मुलुंड, मुंबई
दि. ९ डिसेंबर

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

सईच्या जनुकीय तपासणीचा अहवाल आला त्या रात्री, आई, तू फोनवर पुन्हा पुन्हा एकच म्हणत होतीस, की मीच तिला रोज सकाळी गॅलरीत कोवळ्या उन्हात घेऊन बसले. तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र. बाबा, हे तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवा, आणि रुळांचा विषय येईल तिथे तुमच्या अनुभवाची भर घालून समजावून सांगा.

सईच्या आजाराचे नाव झेरोडर्मा पिगमेंटोसम, म्हणजे उन्हाने झालेला बिघाड शरीराला नीट दुरुस्त न करता येण्याचा जन्मजात आजार. अमेरिका-युरोपात तो साधारण दहा लाखांत एकाला होतो, तर जपानमध्ये सुमारे २२,००० जणांत एकाला. डॉक्टरांनी हे नाव सांगितले तेव्हा मलाही ते उच्चारता येत नव्हते. गेल्या महिन्यात मात्र मी त्याविषयी मिळेल ते वाचले आहे.

ऊन सगळ्यांच्याच कातडीत रोज थोडा बिघाड करते. त्यातले अतिनील किरण पेशीतल्या डीएनएवर पडले की त्याच्या समोरासमोरच्या दोन साखळ्यांपैकी एकीतले दोन शेजारचे घटक एकमेकांना चिकटतात आणि तिथे साखळीला बाक येतो. आपल्याला हे जाणवत नाही, कारण हा बिघाड दुरुस्त करणारी प्रथिने अहोरात्र काम करत असतात. बाबा, तुमची सारी नोकरी रेल्वेच्या रुळांवर गेली. की-मॅन आपल्या बीटवर रोज पायी चालत रूळ तपासतो, तडा दिसला की गँगला कळवतो, ब्लॉक घेतला जातो, खराब तुकडा दोन्ही बाजूंनी कापून काढतात, त्याच मापाचा नवा बसवतात आणि वेल्डिंग करतात, हे तुम्ही मला लहानपणी कितीदा सांगितले आहे. पेशीत जवळजवळ याच क्रमाने काम चालते. एक्सपीसी नावाचे प्रथिन बाक शोधून काढते, एक्सपीबी आणि एक्सपीडी तिथला पीळ उलगडतात, एक्सपीए खात्री करून घेते, एक्सपीएफ आणि एक्सपीजी दोन बाजूंना काप देतात आणि सुमारे तीस घटकांचा तुकडा निघून येतो. मग समोरच्या शाबूत साखळीबरहुकूम नवा तुकडा विणला जातो आणि सांधा जोडला जातो. सईच्या शरीरात कापणारे आहेत, विणणारे आहेत, सांधणारेही आहेत. नाही तो फक्त की-मॅन, म्हणजे एक्सपीसी.

आई, तू विचारलेस, की उन्हाने तिचे अंग एकदाही भाजले नाही, मग आपल्याला कळणार तरी कसे होते? याचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. की-मॅन नसला तरी धावत्या गाडीच्या मोटरमनला धक्का जाणवतो, तो कळवतो, आणि निदान त्या मार्गाची दुरुस्ती होते. पेशीतही जी जनुके वापरात असतात त्यांच्यावरून एक यंत्रणा सतत वाचन करत जाते, ती बिघाडापाशी अडते, आणि तिच्या अडण्यामुळेच एक्सपीसीशिवायही तिथे दुरुस्ती सुरू होते. म्हणून एक्सपीसीचा दोष असलेली मुले बहुधा उन्हात भाजत नाहीत. मात्र ज्या सायडिंगवर गाडीच धावत नाही तिथले तडे कोणालाच दिसत नाहीत आणि साठत जातात. दीड वर्षाची असताना सईच्या नाकावर आणि गालांवर आलेले ते तपकिरी ठिपके, ज्यांना आपण सगळेच तीळ समजत होतो, ती याची पहिली खूण होती. त्या उन्हाने ठिपके वाढले, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तेच ऊन तू मला आणि अनिकेतलाही दिलेस, आणि ज्या मुलाला उन्हाने चट्टा उठत नाही त्याला ते बाधते आहे, हे ठिपके दिसेपर्यंत कोणत्याही आजीला समजले नसते.

डॉक्टरांनाही फार काळ समजले नव्हते. व्हिएन्नात हेब्रा आणि कापोसी यांनी या आजाराचे वर्णन १८७४ मध्ये केले, आणि या रुग्णांच्या पेशींना डीएनएची दुरुस्ती जमत नाही हे जेम्स क्लीव्हर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत दाखवले ते १९६८ मध्ये. मधली ९४ वर्षे कारण माहीत नसताना गेली. याच दुरुस्तीचा उलगडा करणारे अझीझ सांजार हे २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलच्या तीन मानकऱ्यांपैकी एक होते.

शेजारच्या काकू ग्रहणात मेधाने सुरी हातात घेतल्याचे बोलल्या, ते कृपा करून मनातून काढून टाका. सईला हा दोष गर्भ राहिला त्याच क्षणी मिळाला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. माझ्याकडे एक सदोष आणि एक चांगली आहे, मेधाकडेही तसेच, आणि एक चांगली प्रत पुरते म्हणून आम्ही दोघे निरोगी आहोत. सईला दोन्ही सदोष प्रती मिळाल्या. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यात ही शक्यता चारात एक असते. माझी प्रत तुमच्यापैकी एकाकडून आली असणार. कोणाकडून, हे दोषाच्या हिशेबासाठी मला शोधायचे नाही.

एका कारणासाठी मात्र ते पाहायला हवे. अनिकेतसाठी मामांच्या मुलीचा विचार चालला आहे. सदोष प्रत आईकडून आली असेल, तर ती मामांकडे आणि त्यांच्या मुलीकडेही असू शकते. माझी विनंती आहे, की दोघांची रक्ततपासणी होईपर्यंत बोलणी पुढे नेऊ नयेत. कोणता बदल शोधायचा हे आता ठाऊक असल्याने ही तपासणी अवघड नाही. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात परळचे केईएम रुग्णालय विशेष केंद्र म्हणून नेमलेले आहे. तिथे जनुकीय सल्ल्यासाठी मी तुमच्यासोबत येईन. मामांशी बोलायचे तर मी बोलतो.

वीस वर्षांखालील अशा रुग्णांत त्वचेच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे दहा हजार पट असतो. आकडा वाचून मी रात्रभर झोपलो नाही, पण तो धोका येतो अतिनील किरणांतून, आणि ते अडवणे आपल्या हातात आहे. एक्सपीसीच्या दोषात मेंदूच्या नसांना सहसा इजा होत नाही, हा मोठा दिलासा आहे. आम्ही घरातल्या सर्व काचांना अतिनील किरण अडवणारी फिल्म लावली आहे, कारण साधी काच ते सगळे थांबवत नाही. बाहेर पडताना पूर्ण बाह्या, टोपी, चष्मा आणि मलम. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी सुरू केले आहेत, तेव्हा हाडांसाठी ऊन हवेच, ही काळजी आई, तू करू नकोस.

बाबा, तुमच्या खोलीतल्या जुन्या ट्यूब काढून एलईडी लावून घ्या आणि गॅलरीकडच्या खिडकीचे माप मला कळवा, फिल्म मी घेऊन येतो. रविवारी सूर्य पूर्ण मावळल्यावर आम्ही सईला घेऊन गिरगावात येऊ. तिला चौपाटीवर वाळूत खेळायचे आहे, आणि आजीनेच सोबत यावे असा तिचा हट्ट आहे. अंधार पडल्यावर तू तिला हवा तेवढा वेळ घेऊन बस.

तुमचा,
श्रीकांत