मंत्री महोदया, एका दिवसात मूल कळत नाही

मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

प्रशिक्षणात आम्हा अंगणवाडी सेविकांना सांगितलं होतं : तीन ते सहा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊ नका, खेळताना बघा, सावकाश लिहा. महिनाअखेरीला निरोप आला, सगळ्या मुलांच्या विकासाच्या नोंदी उद्या संध्याकाळपर्यंत मोबाइलवर भरा. दिलेला शब्द असा मोडला, म्हणून हे पत्र.

30 मुलं. शारीरिक, भाषा, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, सर्जनशील ही 5 क्षेत्रं. एका क्षेत्राला 5 मिनिटं धरली तरी 750 मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. त्यात हजेरी, आहार, गृहभेटी, लसीकरण धरलेलंच नाही. मग सेविका रात्री घरी बसून आठवेल तशा खुणा करते. तीसही मुलं सारखीच दिसतात आणि ज्याला मदत हवी तेच त्यात हरवतं.

खरी नोंद कशी असते ते बघा. ‘वय 4 वर्षं 2 महिने. 12 मणी दिले. 5 ओवले, मोठ्याने मोजत. चारनंतर थेट सहा म्हणाली. पुढचा मणी निसटला. रडली नाही, शेजारणीला म्हणाली, तू दोरा धर.’ एवढ्यात बोटांची पकड, मोजणी, भाषा, धीर आणि मैत्री सगळं आलं. ‘हुशार’, ‘चंचल’ या शब्दांतून यातलं काहीच कळत नाही. हेच मूल पाच रकान्यांत तोडलं की मण्यांची ती माळच तुटते. आणि एकदा बघून भागत नाही. ताप, भूक, घरातलं भांडण, काहीही असू शकतं. वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा बघावं लागतं.

साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकची खूण. पण घरात पेन्सिलच नसेल तर कागदावर अडणारं मूल ओल्या मातीत काडीने तोच गोल सहज काढतं. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल मराठी प्रश्नाला गप्प बसतं; त्याला ‘भाषेत मागे’ लिहिणं हा त्याच्यावर अन्याय आहे. कान वाहणाऱ्या मुलाला ऐकूच कमी येतं आणि त्याच्या नावापुढे ‘लक्ष नाही’ पडतं. उंचीचंही तसंच : 2 वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, त्यापुढचं उभं करून. पद्धत चुकली की सुमारे 0.7 सेंमीचा फरक पडतो आणि काठावरचं मूल विनाकारण खुजं ठरतं, किंवा खुजं असून सुटतं.

मूल मागे आहे हे कळल्यावर पुढे काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं मुलांची तपासणी करणारं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं. मधल्या महिन्यांत आईने कुठे जायचं? जिल्ह्याच्या गावी जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं पडतं. नोंद आमच्याकडून मागता, उपचाराची वाट मात्र तिची तिनेच शोधायची!

हे आजचं नाही. 2010 साली शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे एका परीक्षेऐवजी मुलाला वर्षभर बघून नोंदी करायच्या. कल्पना चांगली होती. शिक्षकांना वेळ दिला नाही, आणि बाजारात तयार वर्णनात्मक नोंदी मिळू लागल्या. एकच वाक्य शेकडो मुलांच्या नावापुढे उतरवलं गेलं. आता मुलाची सर्वांगीण वाढ नोंदवणारं ‘समग्र प्रगतिपत्रक’ आलं आहे. वरून खाली फक्त आकडा मागायची सवय सुटली नाही तर याचंही तेच होणार. अंगणवाडी योजना 1975 पासून आहे आणि आजही आम्ही ‘मानसेवी’च, म्हणजे पगारावर नाही, मानधनावर. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने आमचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी पगार मागितला की मानधन हाच शब्द पुढे येतो. मुलाच्या मेंदूची वाढ मोजणारं काम अर्धवेळ कसं काय ठरतं?

आमचं म्हणणं एवढंच : रोज दोन मुलांची नोंद करू द्या. कामाच्या 15 दिवसांत एक फेरी होते, तिमाहीत निदान तीन. नोंद आधी वहीत, मोबाइलवर नंतर. मुलाच्या घरच्या भाषेत विचारायची लेखी मुभा द्या. ज्या मुलाबद्दल शंका आहे त्याच्या आईला जाण्यायेण्याचा खर्च आणि तपासणीची ठरलेली तारीख द्या. आणि ‘उद्या संध्याकाळपर्यंत’ हा निरोप आजच मागे घ्या. त्या रात्री भरलेल्या नोंदी खोट्या आहेत. त्यावरून एकाही मुलाबद्दल काहीही ठरवू नका.

आपल्या,
अंगणवाडी सेविका