आयुक्त साहेब, शहरातले बाक लोकांना रंगवू द्या

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
सप्रेम नमस्कार.

साहेब, थेट मुद्द्यावर येतो. फुटपाथवर, बागांमध्ये, गल्लीच्या तोंडाशी आपल्याकडे एवढे बाक आहेत, आणि कितीतरी बाकांच्या पाठीवर काय दिसतं तर ‘अमुक यांच्या विकासनिधीतून’. आमच्याकडे कोथरूडला संध्याकाळी रिटायर्ड मंडळींचा कट्टा जमतो, तिथल्या बाकावर नाव अजून ठळक आहे पण बसायच्या जागेचा ऑइलपेंट पोपडे धरून सुटलाय, आजोबा लोक पेपर अंथरून बसतात, नाहीतर उठल्यावर पँट झटकत बसावं लागतं.

माझी मागणी एवढीच की हे बाक त्या त्या वस्तीला रंगवू द्या. २०२३ च्या जानेवारीत जी-२० च्या बैठकीसाठी शहरातल्या भिंती रंगवल्या, छानच दिसल्या, पण भिंत आपण गाडीवरून जाता जाता बघतो, बाकाला माणूस रोज टेकतो, शेजारच्याला विचारतो हे कोणी काढलं हो. शिकागोने १९९९ मध्ये रंगवलेल्या गायी रस्त्यावर मांडल्या आणि २००१ मध्ये सोफे-खुर्च्या, लंडनमध्ये २०१४ ला पुस्तकाच्या आकाराचे ५० बाक चितारून ठेवले, नंतर लिलाव करून पैसा साक्षरतेच्या कामाला दिला. आपल्याला लिलाव नको, आपले बाक जागेवरच राहू देत.

माणसं आहेत ना आपल्याकडे. टिळक रोडला अभिनव कला महाविद्यालय आहे, आणि फ्लेक्स आल्यापासून ज्यांचं काम गेलं ते बोर्ड पेंटर आहेत, पट्टी न लावता एका हातात सरळ रेघ मारणारे. यांना बोलवा, पण मजुरी देऊन बोलवा, फुकट राबवू नका प्लीज.

काम मात्र नीट व्हायला हवं. जुना रंग पॉलिश पेपरने पूर्ण घासायचा, सिमेंटला प्रायमर, लोखंडाला रेड ऑक्साइड, मग बाहेरचा रंग आणि वरून क्लिअर कोट, यातलं काही गाळलं की पहिल्याच पावसात रंग फुगतो. चित्र पाठीवर काढावं, बसायची जागा साधी आणि फिकट ठेवावी, कारण तिथलं चित्र घासून जातं आणि गडद रंग एप्रिलमध्ये असा तापतो की बसवत नाही. देवांची, महापुरुषांची चित्रं नकोत, बाकाला पाय लागतात, आणि जाहिरात, पक्ष, नेत्याचं नाव काहीच नको.

१९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे, तो असायलाच हवा, पण त्यामुळे चांगल्या कामालाही लेखी परवानगी हातात लागते. म्हणून क्षेत्रीय कार्यालयात एक पानी अर्ज ठेवा, कुठला बाक, काय चित्र, देखभाल कोण करणार, आणि पंधरा दिवसांत हो किंवा नाही कळवा.

ऑक्टोबरात परवानगी मिळाली तर दिवाळीनंतर कोरड्या हवेत काम सुरू होईल. आमच्या गल्लीतले बाक घ्यायला आम्ही तयार आहोत, रंगाचा खर्च वर्गणीतून काढू, पेंटरच्या मजुरीचं तेवढं महापालिकेने बघावं.

आपला,
एक कोथरूडकर