कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधवाल्या मामांना

मामा, साष्टांग नमस्कार.

राज्य स्पर्धेत १२५ किलो फ्रीस्टाइलला पहिला आलो, तेव्हापासून सत्कार चाललेत. कुणाकुणाचे आभार मानायचे ते संयोजकच चिठ्ठीवर लिहून देतात. त्या चिठ्ठीत तुमचं नाव कधीच नसतं. म्हणून हे जाहीर पत्र.

गुडघा गेला तेव्हा मानधन देणाऱ्यांनी ऑपरेशननंतर लगेच हात वर केले. कुस्ती निकाली झाली की मला खांद्यावर घ्यायला धावणारे फोन उचलेनात. एकानं तर घरी येऊन वडिलांना सांगितलं, "पोराचा खुराक आता बंद करा, नुसती चरबी चढेल." ते अजून डाचतं. हलक्या गटातली पोरं वजन तोडून उतरतात. आमचं उलटं. समोर सव्वाशे किलोचा गडी असतो, आणि एकदा अंग उतरलं की परत भरायला वर्षं जातात.

तशात मी कुबडी टेकत तुमच्या दुधाच्या कट्ट्यावर आलो. आधीची उधारी होती, म्हणून गर्दीच्या मागंच थांबलो. तुम्ही म्हशीखालनं मान वर करून बघितलंत, उठलात, पेंडीचं पोतं ओढून त्यावर मला बसवलंत. रिकाम्या पोत्याची घडी घालून पायाखाली सरकवलीत. "मामा, अर्धा लिटरच द्या," मी म्हटलं. तुम्ही काही बोलला नाहीत. नेहमीचा पितळी तांब्या घेतलात, फेसासकट काठोकाठ भरलात, काठ खांद्यावरच्या पंच्यानं पुसून हातात दिलात. रिकामा झाला तसा परत भरलात. पूर्वी होतं तेवढंच माप. एका धारेनंसुद्धा कमी नाही. बाकी सगळ्यांनी मला कुस्तीतनं काढून टाकलं होतं, मामा. तुमच्या मापात मी अजून सव्वाशे किलोतच होतो.

वही तुम्ही त्या दिवशी उघडली नाहीत, नंतरही नाही.

शाहू महाराजांनी पैलवानांना पोसलं ते हे गाव. पुनवतचे गणपतराव आंदळकर इथं मोतीबाग तालमीत घडले आणि १९६२ ला जकार्ताहून आशियाई सुवर्ण घेऊन आले. दादू चौगुल्यांनी १९७४ ला ख्राइस्टचर्चला राष्ट्रकुलचं रौप्य मिळवलं. त्यांचे फोटो बघत आम्ही जोर मारले. पण पैलवानकी कुणाच्या एकट्याच्या जिवावर होत नाही. दारावरनं जाणाऱ्या पोराच्या हातात कुणी अंडी ठेवतं, कुणी बदामाची पुडी देतं, नाव सांगत नाही. अशी माणसं आहेत म्हणून गरिबाघरची पोरं लंगोट लावायचं धाडस करतात.

फायनलचं सांगायचं राहिलंच. एका गुणानं मागं होतो. शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याच गुडघ्यावर जोर दिला आणि गड्याला कडेबाहेर रेटला. १-१. शेवटचा गुण माझा, म्हणून कुस्ती माझी.

रविवारी सकाळी धारेच्या वेळेला येतोय. वही काढून ठेवा. "राहू दे" म्हणू नका, हिशेब मीही लिहून ठेवलाय. तालमीतलं एक नवीन पोरगं सोबत आणतोय. हाडापेरानं मोठं आहे, अंग भरलं तर वरच्या गटात जाईल, पण घरची परिस्थिती बेताची. त्याचं माप रविवारपासून माझ्या नावावर लिहा.

तुमचाच,
पैलवान