वाफेचं यंत्र आणि तुझे ढेकूण

पुणे, १२ सप्टेंबर

प्रिय नलू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी स्टुलावर चढून चिमणीच्या जाळ्या काढत होते, त्यामुळे पाकिटावर माझी तेलकट बोटं उमटली आहेत. घटस्थापना दहा दिवसांवर आलीय आणि आमच्याकडे अजून माळासुद्धा उपसलेला नाही.

साफसफाईसाठी वाफेचं मशिन घेऊ का, असं मोठ्या अक्षरात विचारलंस आणि खाली बारीक अक्षरात, ‘कुणाला सांगू नकोस, पण बाळ्याच्या हॉस्टेलच्या सामानातून घरात ढेकूण आलेत’. अगं, लाज कसली! आपल्या लहानपणी कुणाकडे नव्हते? तुझी आजी मे महिन्यात खाट अंगणात काढून तिच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायची, आठवतंय? हे मशिन म्हणजे तेच पाणी, फक्त टोकदार चोचीतून येणारं. पन्नास-पंचावन्न अंशांच्या पुढे ढेकूणही टिकत नाही आणि त्याची अंडीही टिकत नाहीत. तेव्हा उपयोग आहे. पण कुठलं घ्यायचं, यात मी स्वतः फसले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षी मी हातात धरायचं छोटं मशिन घेतलं. किटलीएवढं, हजार वॉटचं, ३५० मिली पाणी मावणारं. तीन-चार मिनिटांत तापतं आणि जेमतेम दहा मिनिटं वाफ देतं. मग पाणी संपलं की लगेच झाकण उघडता येत नाही. आत दाब असतो. बंद करायचं, घोडा दाबून उरलीसुरली वाफ सोडायची, थंड होऊ द्यायचं, मग पाणी भरायचं, पुन्हा तापवायचं. म्हणजे दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास. ओट्याला, नळांच्या बुडख्यांना, बाथरूमच्या टाइल्समधल्या फटींना ते पुरतं. गादीला पुरत नाही. शिवाय छोट्या मशिनची वाफ ओली असते, मध्येच गरम पाण्याची पिचकारी उडते.

समोरच्या वहिनींकडे मोठं आहे, जमिनीवर ठेवायचं, लांब नळीचं. त्यांचं केर्शर या जर्मन कंपनीचं आहे (नावातच केर, आमचे हे दर वेळी हाच विनोद करतात). त्यात लिटरभर पाणी मावतं, तापायला सहा-सात मिनिटं लागतात, पण मग वाफ कोरडी आणि सलग. मी ते दोनदा मागून आणलं आणि फरक लगेच कळला. दुकानात तुला ‘किती बार’, म्हणजे वाफेचा दाब किती, हे ऐकवतील. ते प्रेशर आतल्या टाकीतलं. चोचीपासून वीतभर लांब गेलं की वाफेतली धग उतरते, मग आत तीन बार असो की चार. त्यापेक्षा नळी किती लांब, वायर किती लांब, मशिन चालू असताना पाणी भरता येतं का, आणि झाकण दाब असताना उघडू न देणारं आहे का, एवढं विचार. जमीन पुसायचा वाफेचा मॉप मात्र घेऊ नकोस. गरम पाण्याच्या पोछ्याने तेवढंच होतं.

आणि पॉइंट! मोठं मशिन दीड-दोन हजार वॉटचं असतं. तुमच्या जुन्या घरातल्या छोट्या प्लगला किंवा एक्स्टेंशन बोर्डाला ते लावू नकोस. गिझरला असतो तसला मोठा पॉइंट हवा. बिलाची भीती नको, अर्धा तास चालवलंस तर एक युनिट.

आता माझा पराक्रम ऐक. मशिन आलं त्या आठवड्यात मला घरातलं सगळंच मळकं दिसायला लागलं. आजेसासूबाईंचं सागवानी कपाट आहे ना, फ्रेंच पॉलिशचं, त्याच्या दाराच्या नक्षीत धूळ साचली होती. म्हटलं, फटीतली धूळ काढायलाच तर ही चोच दिलीय. एक झोत सोडला. धूळ गेली, आणि पुसून बघते तो नक्षीभोवती दुधाळ पांढरा ढग. तळहाताएवढा. मी तेल लावलं, फुंकर घातली, देवाला हात जोडले. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. तिला ऊन वाफ लागली की ओल आत शिरते आणि लाख पांढरी पडते. शेवटी आमचे जुने सुतारकाका आले. कापसाची पुरचुंडी मलमलीत गुंडाळली, जराशी स्पिरिटमध्ये भिजवली आणि हात कुठे थांबू न देता गोल गोल फिरवत राहिले. दहा मिनिटांत ढग विरला. जाताना म्हणाले, ‘ताई, लाकडाला फडकं पुरतं.’ सासूबाई आतल्या खोलीतून ऐकत होत्या, त्या दिवसभर खूश.

म्हणून तुझ्या घरात फिरून सांगते. ओटीवरचे लाकडी खांब, झोपाळा, देव्हारा, यांच्या वाऱ्यालाही मशिन नेऊ नकोस. जांभ्याच्या भिंतींना तर मुळीच नको, त्या आधीच चार महिने पाणी पिऊन बसल्यात. रंगवलेल्या भिंतीवर बुरशी आली असेल तर वाफेने ती तेवढ्यापुरती दिसेनाशी होते आणि भिंत अजून ओली होते. स्विचबोर्ड, रेशीम, मखमल, थंड काच, सगळं वर्ज्य. राहिलं काय? स्वयंपाकघर, बाथरूम, लोखंडी खाटा आणि गाद्या. तेवढं पुष्कळ आहे.

स्वयंपाकघरातही वाफ जादू करत नाही. ती चिकटा सैल करते, इतकंच. सैल झालेला चिकटा दुसऱ्या हातातल्या फडक्याने तत्क्षणी टिपला नाहीस तर तो दोन बोटं खाली जाऊन पुन्हा बसतो. चिमणीच्या जाळीवर वर्षाचं तळण भाजून राळेसारखं झालेलं असतं, त्यावर मी वाफ मारत बसले आणि नुसती खोली दमट केली. शेवटी धुण्याचा सोडा नि उकळतं पाणी परातीत घेऊन जाळ्या रात्रभर बुडवल्या. सकाळी ब्रशने निघालं.

आता ढेकूण. टोकदार चोच लावू नकोस, तिच्या झोताने ढेकूण उडून पलीकडच्या खाटेखाली जातील. रुंद तोंड लाव, त्यावर सुती फडकं बांध आणि गादीला टेकवून चालव. हात इतका हळू की फूटभर शिवणीला पंधरा सेकंद तरी लागले पाहिजेत. मोदकपात्रातून मोदक घाईने काढले तर आत कच्चे राहतात ना, तसंच इथे. गादीची शिवण, गोट, बटणांखालचे खळगे, खाटेच्या पट्ट्यांचे सांधे, भिंतीलगतची बाजू. आठ-दहा दिवसांनी पुन्हा सगळं, कारण कुठल्या तरी सांदीत वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. बाळ्याचे कपडे आणि बॅगही विसरू नकोस. गरम पाण्यात भिजवता येईल ते भिजव.

पण हे आत्ता नको गं. तुमच्याकडे अजून पाऊस आहे, कापसाची गादी एकदा आतून ओली झाली की वाळणार कधी? ऑक्टोबरची उन्हं पडू देत. सकाळी वाफ, दुपारभर अंगणात. तोवर खाटा करून घे, लोखंडाला काय.

पाण्याचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे बोअरचं पाणी. चार महिन्यांत चोचीतून पांढऱ्या कपच्या उडायला लागल्या, गिझरच्या कॉइलवर धरतो तोच क्षार. पुस्तिकेत परवानगी होती म्हणून लिंबाचं सत्त्व कोमट पाण्यात कालवून टाकीत तासभर ठेवलं, दोनदा विसळलं, तेव्हा सुटका. आता फिल्टरचंच पाणी घालते. तुझ्या विहिरीच्या पाण्याने डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो, म्हणजे तुला एवढा त्रास होऊ नये. तरी काम झालं की टाकी रिकामी करून उघडी ठेव.

आणि जपून. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट. शंभर अंशांचं पाणी आणि शंभर अंशांची वाफ सारखी नव्हेत. वाफ कातडीवर पाणी होताना आतली सगळी उष्णता तिथेच सोडते. माझ्या डाव्या मनगटावर बांगडीएवढा डाग आहे, भेटलीस की दाखवीन. नातवंडं अंगणात असतील तेव्हाच मशिन काढ.

माझं मत विचारशील तर छोट्याच्या भानगडीत पडू नकोस. मोठं घे, पण एकटीने नको. तू आणि धाकटी जाऊ मिळून घ्या. वर्षातून चार-सहा वेळा लागणारी वस्तू, दोन घरांना एक पुरते. तिलाही ढेकणांचं सांगावं लागेल, पण मला वाटतं तिच्याकडेही ते पोचले असणार.

वहिनी दिवाळीला मुलीकडे जाणार आहेत. तू त्या आधी आलीस तर त्यांचं मशिन इथेच चालवून बघ. चिमणी माझी, हात तुझा.

काकूंना नमस्कार, बाळ्याला आशीर्वाद.

तुझी,
शोभा

ता. क. भाऊजींचे जुने पंचे टाकून देऊ नकोस. मशिनबरोबर गुबगुबीत फडकी येतात, ती दोन धुण्यांत चिकट होतात. धुऊन मऊ झालेल्या पंच्यासारखं टिपणारं काही मला अजून मिळालेलं नाही. येताना दोन-चार मलाही आण, आणि कोकमाच्या आगळाची बाटली.