संशोधनाचे नमुने आणि नोंदवह्या रद्दीत जाऊ नयेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नंदुरबार जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी चौतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. गेल्या उन्हाळ्यात त्या महाविद्यालयाचा विज्ञान विभाग नव्या इमारतीत हलला. बाके, सूक्ष्मदर्शक, पंखे, अगदी मोडकी स्टुलेसुद्धा मोजून नेण्यात आली. वनस्पतींच्या वाळवलेल्या नमुन्यांची दोन कपाटे मात्र रिकामी करून नेली आणि आतले गठ्ठे जिन्याखाली ठेवले. पंधरा दिवसांनी ते रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढले. जुन्या विद्यार्थ्याने फोन केला म्हणून मला ते कळले. मी दुकानात पोहोचलो तेव्हा निम्म्याहून अधिक माल पुढे रवाना झाला होता. उरलेले तीन गठ्ठे आणि पर्जन्यमापकाच्या दोन नोंदवह्या मी किलोच्या भावाने विकत घेतल्या. हे पत्र कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, म्हणून संस्थेचे नाव देत नाही. हा प्रकार एका गावापुरता नाही आणि तो थांबवता येण्यासारखा आहे, एवढेच मला मांडायचे आहे.

त्या गठ्ठ्यातले एक शीट, म्हणजे वाळवलेली वनस्पती टाचलेला कागद, आत्ता माझ्यासमोर आहे. नदीपात्रातल्या खडकांत वाढणाऱ्या शेरणीची ती फांदी आहे. पाने तपकिरी पडली आहेत, एका कोपऱ्याला कसर लागली आहे, पण सुईदोऱ्याचे टाके अजून घट्ट आहेत. खाली उजवीकडे चिकटवलेल्या लेबलावर निळ्या शाईत लिहिले आहे : नर्मदेचा काठ, ता. अक्राणी, जि. धुळे, १९८३. आमचा जिल्हा धुळ्यातून १९९८ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे जिल्ह्याचे नाव जुने आहे. त्याखाली विद्यार्थ्याने पाण्यापासूनचे अंतर पावलांत मोजून लिहिले आहे आणि वाटेत भेटलेल्या एका आजीबाईंनी सांगितलेले पावरी बोलीतले नावही टिपले आहे. महाराष्ट्रातील तेहतीस गावे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आली आणि नर्मदेचा आमच्याकडचा जुना काठ पाण्याखाली गेला. १९८३ मध्ये त्या काठावर काय उगवत होते, हे तेथे पुन्हा जाऊन पाहण्याची सोय आता कोणत्याही शास्त्रज्ञाला उरलेली नाही. ती सोय होती ती या शीटांत.

हे इतक्या सहज कसे घडले, याचा मी शोध घेतला तेव्हा उत्तर फार साधे निघाले. महाविद्यालयातील प्रत्येक खुर्चीला जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे ज्याला आपण सगळे डेड स्टॉक रजिस्टर म्हणतो त्यात, क्रमांक असतो. खुर्ची मोडली तरी निर्लेखन समितीची, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करायला मान्यता देणाऱ्या समितीची, सही झाल्याशिवाय ती बाहेर काढता येत नाही. वनस्पतीचे नमुने आणि पावसाच्या वह्या कधी खरेदी केलेल्या नव्हत्या. त्या आम्ही तयार केल्या होत्या. त्यांना बिल नव्हते, म्हणून क्रमांक नव्हता, आणि क्रमांक नव्हता म्हणून त्या टाकून देताना कोणाच्या सहीची गरज पडली नाही. ज्या वस्तू बाजारात पुन्हा मिळू शकतात त्यांची काळजी नियमाने घेतली जाते आणि ज्या जगात एकच आहेत त्यांच्यासाठी नियमच नाही, ही गोष्ट मला फार बोचते.

जुन्या वहीत काय दडलेले असते, हे पाहायचे असेल तर कुलाब्याकडे पाहावे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. आपले केरूनाना छत्रे तरुणपणी तेथेच वेधशाळेचे प्रमुख ऑर्लेबार यांच्या हाताखाली सहायक होते, हे गणिताच्या जुन्या शिक्षकांना आठवत असेल. काम कंटाळवाणे होते : टांगलेल्या चुंबकाची स्थिती ठरलेल्या वेळी डोळ्यांनी पाहायची आणि आकडा वहीत उतरवायचा, दिवसरात्र, वर्षानुवर्षे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एकाएकी तेजस्वी झोत दिसला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर असे चुंबकीय वादळ आले की तारायंत्रे बिघडली आणि उत्तर ध्रुवाकडे दिसणारा प्रकाश उष्ण कटिबंधातूनही दिसला. त्या वेळी चुंबकीय बदलांचे चित्रण करणाऱ्या युरोपातील स्वयंचलित यंत्रांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्यात माणूस वहीपाशी बसला होता. सुई अस्थिर होताच तेथील निरीक्षकांनी तासाची नोंद सोडून थोड्या थोड्या मिनिटांनी आकडे घेतले, आणि ती वही टिकली.

ती टिकली म्हणजे आपोआप टिकली नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमाप बिघडेल हे ओळखून वेधशाळेचे हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले. लोखंडाचा खिळाही न वापरता तेथे इमारत बांधली गेली, आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून दोन्ही ठिकाणी काही काळ एकाच वेळी मोजमाप चालू ठेवण्यात आले. स्थलांतर कसे करावे, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. पुढे भारतीय भूचुंबकत्व संस्थेने हा वारसा सांभाळला. २००३ मध्ये त्या संस्थेचे गुरबक्ष लाखिना आणि एस. अलेक्स यांनी अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी व ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह १८५९ च्या कुलाब्यातील आकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक तेव्हा सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) खाली आला होता. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील लाखो लोकांची वीज नऊ तास घालवणारे वादळ याच्याशी ताडून पाहिले, तर उपग्रह आणि वीजवाहिन्यांवर अवलंबून असलेल्या आजच्या जगाला सर्वांत वाईट प्रसंगी किती तयारी लागेल, याचा अंदाज बांधता येतो. १८५९ मध्ये आकडा लिहिणाऱ्या त्या निरीक्षकाला उपग्रह ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

जीवशास्त्रात तर आमच्याच जिल्ह्याचे उदाहरण आहे. रानपिंगळा हे घुबडाच्या कुळातले छोटे पाखरू. १८८४ नंतर त्याचा एकही विश्वासार्ह नमुना मिळाला नव्हता आणि अनेकांनी तो नामशेष झाला असे धरले होते. संग्रहालयांतून त्याची जेमतेम सात कातडी, म्हणजे आत भरण घालून जपलेले नमुने, होती. त्यांतली बरीचशी मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत खानदेशात गोळा केलेली होती. एक मात्र ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहेगन यांच्या संग्रहातले होते आणि त्यावर १९१४, मांडवी, गुजरात असे लिहिले होते. या पत्त्याने शोधणाऱ्यांना कित्येक वर्षे चकवले. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांना माइनर्ट्झहेगन यांच्या नमुन्यांविषयी शंका आली. तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा कातडे उघडून पुन्हा भरल्याच्या खुणा आणि मूळ भरणीत डेव्हिडसन यांच्या हाताची खास पद्धत दिसली : डेव्हिडसन यांचाच नमुना चोरून त्यावर खोटे लेबल लावले होते. मांडवीचा पत्ता बाजूला ठेवून, खऱ्या लेबलांवर विश्वास ठेवून शोध घेणाऱ्या रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात जिवंत रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! आमच्या भागातील आदिवासी बांधवांच्या अंगणापलीकडे तो राहतच होता; जगाला त्याच्यापर्यंत पोहोचवले ते खऱ्या लेबलांनी, आणि जगाची वाट चुकवली होती ती एका खोट्या लेबलाने.

या उदाहरणाला मी अधिक जागा दिली, कारण हल्ली प्रत्येक चर्चेत ‘स्कॅन करून ठेवा आणि कागद काढून टाका’ असा सल्ला दिला जातो. स्कॅनिंग अवश्य करावे. वह्यांच्या बाबतीत तर ते तातडीने करावे. पण रानपिंगळ्याच्या कातड्याचा केवळ फोटो ठेवला असता, तर आत भरलेला कापूस कोणाला तपासता आला असता? वाळलेल्या पानातून आज डीएनए काढता येतो, आणि हे तंत्र येण्याच्या कितीतरी आधीची ती पाने असतात. पुढच्या पिढीच्या हाती कोणते तंत्र येईल हे आपल्याला सांगता येणार नाही, म्हणूनच वस्तू जपायची असते.

समाजशास्त्रांतही हेच आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये चाळीस एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा आणि १९१५ च्या सुमारास केवळ सात एकर, असे त्यांनी दाखवले. मॅन १७७१ मध्ये शिवारात नव्हते. कोणीतरी तेव्हाचे दप्तर जपले म्हणून हे आकडे त्यांना मांडता आले. आज त्या गावात इमारतींचे जंगल आहे आणि शेतीचा मागमूस शोधावा लागतो. आमच्या महाविद्यालयातील अर्थशास्त्र विभागाने बुडीत गावांतील कुटुंबांच्या पाहण्या केल्या होत्या. घरटी गुरे किती, मोहफुले किती वेचली जातात, सावकाराचे देणे किती, असे सारे प्रश्न त्या तक्त्यांत होते. ते तक्तेही त्याच टेम्पोत होते, असे मला नंतर समजले. अशा कागदांत लोकांची नावे आणि कर्जे असतात, त्यामुळे ते खुले ठेवू नयेत हे मान्य आहे. ते मोहोरबंद करून ठराविक वर्षांनी, नावे झाकून, अभ्यासकांना द्यावेत. पण ते रद्दीच्या दुकानात पडून भजी बांधायला वापरले जाणे हा गोपनीयतेचाही सर्वांत मोठा भंग आहे.

पावसाच्या नोंदवह्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या विभागामागे पर्जन्यमापक होता. सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजण्याचे काम विभागाचे शिपाई करत. दिवाळीच्या सुट्टीतही ते सायकलवरून येत आणि पाऊस नसेल तर त्या तारखेपुढे शून्य लिहीत. शून्य लिहिणे आणि रकाना कोरा सोडणे यांत काय फरक आहे, हे त्या सातवी शिकलेल्या माणसाला पुरते कळलेले होते. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी नोंद होते हे खरे, पण सातपुड्याच्या पायथ्याशी दहा किलोमीटरवर पाऊस बदलतो, आणि अशी स्थानिक सलग मालिका मिळणे दुर्मीळ असते.

जागेची अडचण मी नाकारत नाही. लहान महाविद्यालयांना माणसे मिळत नाहीत, कपाटांना डांबराच्या गोळ्या लागतात, पावसाळ्यात बुरशी येते. म्हणून प्रत्येकाने सारे जपावे असे माझे म्हणणे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने आणि राज्याच्या उच्च शिक्षण विभागाने एवढेच करावे की, महाविद्यालयात तयार झालेले नमुने, निरीक्षणांच्या वह्या आणि पाहणीचे मूळ तक्ते यांना जडवस्तू नोंदवहीप्रमाणेच क्रमांक देणे सक्तीचे करावे, आणि विद्यापीठाच्या संबंधित अभ्यास मंडळाच्या लेखी संमतीशिवाय त्यांचे निर्लेखन होऊ देऊ नये. जे सांभाळणे शक्य नाही ते स्वीकारायला प्रत्येक विद्यापीठाने एक कोरडी खोली आणि एक प्रशिक्षित माणूस ठेवावा. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले आहे. प्रकल्पाला पैसे देताना, प्रकल्प संपल्यावर त्याची मूळ सामग्री कोठे राहील हे त्याने अर्जातच विचारावे आणि त्यासाठीची रक्कम अनुदानात धरावी. उपकरणांच्या तुलनेत हा खर्च अगदीच थोडा आहे.

माझ्याकडची शीटे मी साफ करून, नव्या कागदावर चढवून, पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम क्षेत्रीय केंद्राला विचारून तेथे देणार आहे. त्यांनी घेतली नाहीत तर विद्यापीठाकडे जाईन. पावसाच्या एकूण सात वह्यांपैकी पाच मात्र गेल्या आहेत. आमच्या विभागातील अनेक विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पवह्यांत त्या नोंदींचे तक्ते उतरवून घेतले होते, हे मला आठवते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावसावर ज्यांनी प्रकल्प केला होता अशा कोणाच्या माळ्यावर ती वही अजून असेल, तर कृपया ती टाकू नये आणि आपल्या वृत्तपत्राच्या पत्त्यावर कळवावे; मी स्वतः येऊन तक्ते उतरवून घेईन आणि वही परत करीन.

आपला,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र प्राध्यापक,
जि. नंदुरबार