पिल्लाच्या क्रेटला कडी लावण्याची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्र्याचे पिल्लू घरी आणल्यावर त्याला क्रेटमध्ये, म्हणजे दार असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, झोपण्याची सवय लावणे मला योग्यच वाटते. मात्र पहिल्याच रात्री पिल्लाला आत ठेवून कडी लावायची आणि ते कितीही रडले तरी लक्ष द्यायचे नाही, हा जो सल्ला नव्या पालकांना सर्रास दिला जातो, तो चुकीचा आणि पिल्लासाठी अत्यंत क्लेशकारक आहे, असे माझे स्पष्ट मत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

पिल्लू साधारणपणे 8 आठवड्यांचे झाल्यावर नव्या घरी येते. तोवर ते एकही रात्र एकटे झोपलेले नसते. आईच्या आणि भावंडांच्या अंगाला अंग लावून झोपणे एवढेच त्याला ठाऊक असते. अशा जिवाला अनोळखी घरातील अंधाऱ्या खोलीत कोंडले, तर त्याचे रडणे हा हट्ट नसून भीती असते, आणि तासाभराने आवाज बंद झाला म्हणजे पिल्लू शिकले असेही नव्हे, ते थकून गेलेले असते. पहिले काही आठवडे क्रेट आपल्या पलंगाशेजारी ठेवावा आणि शक्य झाल्यास आईच्या अंथरुणातील एखादे फडके मागून आणून आत अंथरावे. मध्यरात्री पिल्लू कुईकुई करू लागले, तर त्याला बाहेर नेऊन शू करू द्यावी आणि न खेळवता, फारसे न बोलता परत आणून झोपवावे.

दिवसा तर सुरुवातीला दार लावूच नये. उलट ते वाऱ्याने हलून अंगावर येऊ नये म्हणून मागे बांधून ठेवावे. आत खाऊचा तुकडा टाकला की पिल्लू काय करते, ते जरा निरखून पाहावे. मागचे दोन्ही पाय बाहेर घट्ट रोवलेले, मान होईल तेवढी लांब केलेली, आणि तुकडा तोंडात येताच झटकन माघार! त्या वेळी मागून हलकेच ढकलण्याचा मोह होतो, पण तो आवरलाच पाहिजे, कारण तेवढ्या एका ढकलण्याने त्याचा विश्वास उडू शकतो. रोजचे जेवण क्रेटमध्येच द्यावे आणि वाटी हळूहळू आत सरकवत न्यावी. पिल्लू चारही पायांनी आत जाऊन निवांत खाऊ लागल्यावर जेवणापुरते दार लोटावे, वाटी रिकामी होण्याआधी ते उघडावे आणि मग ही वेळ मिनिटामिनिटाने वाढवावी. कुणाला यासाठी चार दिवस लागतात, कुणाला महिना. त्यात पिल्लाचा दोष नसतो.

क्रेटचा खरा उपयोग शी-शूची शिस्त लावताना होतो. पिल्ले सुमारे 3 आठवड्यांची झाली की झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन विधी उरकू लागतात, आणि या उपजत सवयीवरच ही सगळी पद्धत उभी आहे. म्हणून क्रेट उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढाच असावा. तो फार ऐसपैस असला तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात घाण करते. वाढत्या पिल्लासाठी मोठा क्रेट घ्यायचा असल्यास मध्ये सरकते विभाजक लावावे. जी पिल्ले घाणेरड्या पिंजऱ्यांत वाढवून विकली जातात, त्यांची ही उपजत सवयच मोडलेली असते. अशा पिल्लाने क्रेटमध्ये घाण केली म्हणून त्याच्यावर ओरडणे हा शुद्ध अन्याय आहे.

लघवी रोखण्याची क्षमता साधारणपणे वयाच्या महिन्यांत 1 मिळवून येईल तितके तास, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. म्हणजे 2 महिन्यांच्या पिल्लासाठी फार तर 3 तास, आणि तेही ते झोपलेले असताना. जागे असताना, खेळल्यावर किंवा जेवल्यावर त्याला त्याहून कितीतरी आधी बाहेर न्यावे लागते. घरातील सर्वजण दिवसभर कामावर जाणार असतील, तर क्रेट हा त्यावरचा उपाय नव्हे. मधल्या वेळेत कुणीतरी येण्याची सोय करावी किंवा कुंपण घालून मोकळी जागा द्यावी. स्वीडन आणि फिनलंडमध्ये कुत्र्याला घरात बंद क्रेटमध्ये ठेवण्यावर कायद्यानेच बंधने आहेत, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

आत सोडताना गळ्यातील पट्टा काढावा, कारण तो जाळीत अडकून फास बसू शकतो. क्रेट उन्हात ठेवू नये आणि शिक्षा म्हणून तर कधीच वापरू नये. पिल्लू सतत लाळ गाळत असेल, दातांनी गज चावत असेल, पंजे रक्ताळेपर्यंत ओरबाडत असेल, तर क्रेटचा प्रयोग तत्काळ थांबवून पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. ही घबराट असते आणि कोंडून ठेवल्याने ती वाढतच जाते.

पिल्लू विकणाऱ्यांनी व दत्तक देणाऱ्यांनी ते सोपवण्यापूर्वी दिवसा घरी कोण असते हे आवर्जून विचारावे, आणि पहिल्या लसीकरणाच्या वेळी पशुवैद्यांनी लसींच्या तारखांबरोबरच क्रेटच्या तासांची मर्यादाही पालकांना लिहून द्यावी, अशी आपल्या दैनिकाद्वारे माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक श्वानपालक वाचक