बाबा, इथे पत्र्यावरचे बोल्ट मुद्दाम दाखवतात

प्रिय आई आणि बाबा,

सा. न. तिळगूळ घ्या, गोड बोला. वड्या मी इथेच केल्या, पाक जरा पुढे गेला त्यामुळे दात सांभाळून खाव्या लागतायत, ते जाऊ दे. फोनवर नीट सांगता येत नाही, आई मध्येच जेवलीस का विचारते आणि बाबा तुम्ही फोन तिच्या हातात देऊन मोकळे, म्हणून लिहितेय.

परवा टोकियो ऑटो सलोनला, म्हणजे हौसेने बदल केलेल्या गाड्यांच्या प्रदर्शनाला, जाऊन आले. आई, तू म्हणशील गाड्या बघायला कोण तिकीट काढतं, तर तीन दिवसांत दोन लाखांवर माणसं येतात गं! निशी-कासाईहून तोझाई लाइनने निशी-फुनाबाशी, तिथे गाडी बदलून काइहिन-माकुहारी, आणि स्टेशनपासूनच पंढरीच्या वाटेसारखी रांग. शो सुरू झाला 1983ला, म्हणजे आपली मारुती 800 भारतात आली त्याच वर्षी.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. लिबर्टी वॉक म्हणून एक दुकान आहे, नागोयाकडचं, ते लोक फेरारी-लॅम्बोर्गिनीचे मडगार्ड चक्क कापतात आणि वरून रुंद मडगार्ड बोल्टने ठोकतात, आणि बोल्टची डोकी लपवत नाहीत, उलट तीच शोभा. मला तर थेट लाल डबाच आठवला, रिबिटांच्या रांगा! तुम्ही दापोडीला वर्कशॉपमध्ये एवढी वर्षं अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर रिबिटं मारलीत तेव्हा कुणी फोटो काढायला आलं नाही, आणि इथे लोक कॅमेरे घेऊन गुडघ्यावर बसलेत. एक फेरारी कापलेली बघून तुम्ही नक्की शिवी घातली असती, मग फिनिशिंग बघून गप्प बसला असता.

निसानच्या स्कायलाइन जीटी-आर या वेगवान गाडीभोवती तर पाय ठेवायला जागा नाही. त्यातली गंमत ऐका, 2004पर्यंत इथल्या कंपन्यांनी आपसात ठरवलेलं की 280 हॉर्सपॉवरच्या वर आकडा कागदावर दाखवायचाच नाही, इंजिन किती का जोर मारेना. आपल्याकडचे ट्रकवाले वजन सांगतात ना, तस्सं.

आणि सगळं मनमानी चालतं असं नाही हां. इथे गाडीची सरकारी तपासणी असते, नवीन गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी, तिथे गाडीचं पोट जमिनीपासून 9 सेंटिमीटर तरी वर लागतं. दादाला सांगा, बुलेटचा तो सायलेन्सर काढ आता, आपल्याकडे तर सुप्रीम कोर्टानेच 2019ला सांगितलंय की कंपनीने दिलेला मूळ ढाचा बदलायचा नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी रमले ती ऑटोमोबाइल कॉलेजच्या पोरांच्या स्टॉलवर. आपल्या आयटीआयसारखीच मुलं, विशीची, नखात काळं, पण स्वतः गाडी बनवून आणलेली. त्यात एक बुटका ट्रक होता, आपल्या ओम्नीचा भाऊ शोभेल असा, 660 सीसीचा, लांबी साडेतीन मीटरच्या आत, त्याला चक्क रेसिंगची चाकं. मी सवयीने दारावर तळहात फिरवला (हात लावायचा नसतो, नंतर कळलं) आणि एका जागी पत्रा किंचित बसलेला लागला. मुलगा हसला, म्हणाला तिथेच पुट्टी जास्त भरलीय. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं की वडील बसच्या बॉडीचं काम करायचे, मग त्याने मित्रांना बोलावलं आणि माझीच तोंडी परीक्षा सुरू.

तर बाबा, एक प्रश्न अडकलाय. कापलेल्या पत्र्याच्या कडेला गंज धरू नये म्हणून तुम्ही आधी नक्की काय मारायचात, रेड ऑक्साइड की अजून काही? मी त्याला कळवते म्हणून सांगितलंय. आणि लाकडी मोगरीने ठोकताना मागे वाळूची पिशवी धरायचात ना, की ते माझं लहानपणीचं काहीतरी भलतंच?

फोटो व्हॉट्सअॅपवर टाकलेत, चष्मा लावून बघा. आई, तिसऱ्या फोटोतली गुलाबी गाडी तुझ्यासाठी.

तुमची,
छकुली